दीड फुटाचं अर्थिंग

वहिनी, तुमच्या आदरांजली सभेत माझं भाषण फार चांगलं झालं, असं सगळे म्हणतात. म्हणजे बघा, तुमच्या जाण्यातही मी माझं कौतुक करून घेतलंच.

जलदान विधी आटोपला होता. भंतेजी निघून गेले होते आणि विहाराच्या ओट्यावर पांढऱ्या कपड्यांतली माणसं दाटीवाटीनं बसली होती. कुणीतरी म्हणालं, "अरुणला बोलू द्या, तो बरोबर सांगतो." आपल्या घरात लग्न असो की मयत, माईक माझ्या हातात येतोच. मी उभा राहिलो आणि राहुरीच्या गोठ्याची गोष्ट सांगितली. तुम्ही बनवलेली पहिली बिनआवाजाची इन्व्हर्टरची पेटी घेऊन मी गेलो होतो, ती. मालकाला वाकायला लावलं, पेटीला कान लावायला लावला. "येतं का काही ऐकू? आमच्या वहिनींच्या हातचं काम आहे." पंधरा मिनिटं मी त्या शांततेचं वर्णन करत होतो. मालक मान डोलवत होता. मग त्याची बायको शेणाचे हात तसेच धरून म्हणाली, "पन बटन तर बंदच दिसतंय की."

लोक हसले. रडता रडता हसले. तुमच्या माहेरच्या मावशींनी तर पदर तोंडाला लावला. मी खाली बसलो, तेव्हा मला स्वतःबद्दल बरंच बरं वाटत होतं.

मग दादा उठला. तुम्हाला माहीत आहे, तो वर्गात गणित शिकवताना सोडला तर चार वाक्यं सलग बोलत नाही. त्यानं माईक घेतलाच नाही. म्हणाला, "तिनं पुष्कळ केलं. एकच मनाला लागून राहिलं तिच्या. तिसगावची पेटी माझ्याकडून जमली नाही, असं शेवटच्या आठवड्यातही म्हणत होती." आणि बसला.

वहिनी, तिसगावची पेटी तुमच्याकडून जमली होती. तुम्ही केलेल्या सगळ्या पेट्यांत ती सगळ्यांत चांगली होती. जमलं नव्हतं ते माझ्याकडून, आणि ते मी तुम्हाला सांगितलं नाही.

आता सांगतो. उशीर झालाय हे कळतं मला. पण आधी थोडं मागचं सांगू द्या, मला एकदम मुद्द्यावर यायची सवय नाही. तुम्हीच म्हणायचात, "भाऊजी कोल्हारहून राहुरीला जायला निघाले की आधी शिर्डीला जातात."

माझा फोटो स्टुडिओ मोबाईलनं गिळला, तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांचा होतो. घरातले सगळे मला धीर देत होते, आणि धीर देणाऱ्या माणसाच्या डोळ्यात जे असतं ते मला दिसत होतं. तुम्ही धीर दिला नाहीत. नगरच्या एमआयडीसीतली बारा वर्षांची नोकरी सोडून तुम्ही घरामागं पत्र्याची शेड टाकली होती. तिथं मला बोलावलंत, स्टूल पुढं सरकवलंत आणि म्हणालात, "मला बोलता येत नाही, तुम्हाला गप्प बसता येत नाही. मी पेट्या बनवते, तुम्ही बसवून द्या."

मी म्हणालो, "वहिनी, मला विजेतलं काही कळत नाही."

"तेच बरं. अर्धवट कळणारे लवकर मरतात."

पहिल्या दिवशी तुम्ही मला दोनच गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे हाताची पालथी बाजू. अनोळखी लोखंडाला तळव्यानं शिवायचं नाही, बोटांच्या मागच्या बाजूनं शिवायचं. करंट असला तर हात आखडतो, मूठ मिटते. तळवा लावला असेल तर मूठ लोखंडावरच मिटणार आणि सुटणार नाही. पालथा असेल तर आपोआप बाजूला होणार. अजूनही मी अनोळखी घराच्या दाराची कडीसुद्धा तशीच शिवतो. लोकांना वाटतं मला सोवळं आहे.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. तुम्ही चहाच्या पुड्याच्या कागदावर चित्र काढलं होतं. "बॅटरीतली वीज सरळ वाहते. मशीनच्या मोटरला हेलकावे खाणारी लागते. हे बदलायला पेटीतले स्विच एका सेकंदात हजारो वेळा उघडझाप करतात. प्रत्येक उघडझापेला थोडी घाण उडते. ती मशीनपर्यंत गेली तर मशीन चळतं. म्हणून मी ती घाण छोट्या कपॅसिटरमधून पेटीच्या अंगावर आणि तिथून जमिनीत सोडते. पेटीचं गटार समजा. जमिनीत जायची वाट नीट नसली तर गटार अंगणात तुंबतं." मग पेन ठेवून माझ्याकडे बघत तुम्ही पुढचं म्हणालात, ते मला शब्दाला शब्द आठवतं. "आणि कधी आतली वायर सोलली, तर माणसाला वाचवणारी वाटही तीच. ती तुम्ही करायची आहे. माझं सगळं काम शेवटी तुमच्या त्या रॉडवर उभं राहणार."

आठ फूट रॉड. तांब्याचा मुलामा दिलेला, अंगठ्याएवढा जाड. मी पाठ करून टाकलं.

आपलं भांडण व्हायचं ते आवाजावरून. मी म्हणायचो, गिऱ्हाईकाला थोडी घरघर लागते वहिनी. आवाज नसला की त्याला वाटतं रिकामा डबा दिला. तुम्ही म्हणायचात, गिऱ्हाईक गाय आहे, मालक नव्हे. मी म्हणायचो, गाय फोन करून तक्रार करत नाही. त्यावर तुम्ही सोल्डरिंगच्या धुरातून नुसतं बघायचात. हे भांडण चार वर्षं चाललं आणि मी एकदाही जिंकलो नाही.

तर तिसगाव. हौसाबाईंची वस्ती गावाबाहेर, टेकाडाच्या अंगाला. पाच गाई, एकटी बाई, मुलगा पुण्याला. लाईट गेली की दूध काढायचं मशीन बंद पडायचं आणि साठीतल्या बाईला पाच गाई हातानं पिळाव्या लागायच्या. आपली पेटी तिला हवीच होती. ती बसवायला मी गेलो तो दिवस तुम्हाला आठवतो का? माझ्या साडूच्या मुलीचा साखरपुडा होता, तिसगावातच. मी म्हणालो होतो, एका फेरीत दोन्ही कामं उरकतो. तुम्ही म्हणालात, "साखरपुड्याच्या कपड्यात अर्थिंग?" मी म्हणालो, "जाकीट काढून ठेवतो की."

दीड फुटावर खडक लागला, वहिनी.

मी घण मारत होतो आणि रॉड टणटण वाजत होता. जागा बदलली, तिथंही दीड फूट. तिसऱ्या जागी तर एकच फूट. साडूचे फोन येत होते, पाहुणे जेवायला थांबलेत म्हणून. हौसाबाई उन्हात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "खालून काळा फत्तर हाय भाऊ. हिरीलासुदिक सुरुंग लावले हुते." माझ्या पिशवीत तुमचा लिहिलेला कागद होता. खडक लागला तर काय करायचं, ते तुम्ही त्यात लिहिलं होतं, हे मला आता माहीत आहे. तेव्हा मी तो उघडला नाही. मी गाडीतून हॅकसॉ आणली, दीड फूट जमिनीत ठेवून वरचा रॉड कापला, वायर आवळली आणि वरून सिमेंटचा छान चौकोन केला. थापीनं कडा मारल्या. फोटोग्राफर माणूस, चौकट सुंदर जमते.

मग रीडिंग, म्हणजे जमीन विजेला किती अडवते तो आकडा, कमी तेवढा चांगला. अर्थिंगचा टेस्टर लावायचा तर आणखी दोन खुंट्या ठोकाव्या लागतात, त्या कुठं ठोकणार? फॉर्मवर मी लिहिलं, दोन पॉइंट एक. नुसतं दोन लिहिलं असतं तर तुम्हाला शंका आली असती. पॉइंट एकनं ते मोजल्यासारखं वाटतं. एवढं डोकं मी चांगल्या कामात कधी चालवलं नाही.

आणि गोठ्याच्या मातीच्या भिंतीत स्क्रू धरेना, म्हणून पेटी क्लॅम्पनं आवळली ती गाईंच्या दावणीच्या लोखंडी पाइपाला. त्याच पाइपाला त्यांची पाणी प्यायची स्टीलची भांडी बसवलेली.

साखरपुड्यात मी तीन वाट्या बासुंदी खाल्ली. उरलेला साडेसहा फूट रॉड घरी आणला आणि न्हाणीघरात टॉवेल टाकायला लावला. बायको म्हणाली, किती दिवसांनी घरात एक काम केलंत.

तीन आठवड्यांनी हौसाबाईंचा फोन आला. तो तुम्ही स्पीकरवर घेतला होता. "बाई, तुमची पेटी आल्यापून माझी सोनी पानी पीत न्हाई. भांड्याला तोंड लावती अन् झटक्यानं मागं व्हती. बादलीतून दिलं तर घटाघटा पिती. दूध बसलं तिचं. बाकीच्याबी लाथा झाडत्यात."

मी लगेच म्हणालो, "नजर लागली असंल." तुम्ही पिशवी भरायला घेतली होती.

तो प्रवास अजून माझ्या डोक्यातून जात नाही. शनिवार होता, राहुरीच्या पुढं शिंगणापूरच्या गाड्यांची गर्दी, मग नगर, मग करंजीचा घाट. तुम्ही सगळा वेळ मांडीवर ड्रॉइंग घेऊन बसला होतात आणि पेन्सिलीनं एकेक कपॅसिटर तपासत होतात. मध्येच विचारलंत, "टेस्टर घेतलाय ना भाऊजी? अर्थिंग परत मोजू."

मी म्हणालो, "अरे, राहिला की."

तो माझ्या सीटखाली होता. खड्ड्यात गाडी आदळली की त्याच्या खुंट्या वाजत होत्या. मी गाणी लावली.

गोठ्यात तुम्ही काय केलंत ते मी डोळे मिटले तरी दिसतं. चपला बाहेर काढल्या. फरशी नुकतीच धुतलेली, पाणी आणि शेण. तुम्ही त्या ओल्यात अनवाणी उभ्या राहिलात आणि पालथा हात सोनीच्या भांड्याला लावलात. मला माहीत होतं जमिनीत किती आहे. तुम्हाला माहीत नव्हतं. तोंडातून शब्द फुटायला हवा होता, "वहिनी, थांबा." फुटला नाही.

"मला काही लागत नाही," तुम्ही म्हणालात. मग वाकून मीटरची एक तार भांड्याला आणि एक ओल्या फरशीला लावलीत. आकडा बघून तुमचा चेहरा बदलला. "आहे. थोडंच आहे, माणसाला कळणार नाही. पण हिचे चारही पाय ओले, तोंड ओलं. हिला पिताना जिभेला मुंग्या येतायत."

हौसाबाई म्हणाल्या, "म्हंजी माझी सोनी खोटं बोलत नव्हती."

"नाही हो. तीच खरं सांगतेय."

मग तुम्ही माझ्याकडे वळलात. "भाऊजी, अर्थिंग किती घेतलंय?"

हौसाबाई माझ्याकडे बघत होत्या. तीन जागी घण वाजलेला त्यांनी ऐकला होता. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांना वाटलं असेल, हे शिकलेले लोक आहेत, खडकात आठ फूट घालायची यांची काही युक्ती असेल.

"आठ फूट," मी म्हणालो.

तुम्ही त्या सिमेंटच्या चौकोनाकडे बराच वेळ बघितलंत. मग ड्रॉइंगकडे. मग म्हणालात, "मग चूक माझ्या आराखड्यातच आहे."

मी मध्ये बोललो, त्याचीही मला लाज वाटते. मी म्हणालो, "वहिनी, बाकी तेरा गोठ्यात तर चालतंय." जसा काही मी तुमची बाजू घेत होतो.

"तेरा ठिकाणी चालतंय म्हणजे तेरा ठिकाणी जमीन चांगली आहे. एका ठिकाणी गाय तहानलेली राहते, म्हणजे पेटी सुरक्षित नाही. नशिबावर सोडायचं तर मी कशाला हवी?"

क्लॅम्प काढून पेटी तुम्ही लाकडी फळीवर घ्यायला लावलीत, पण मशीनच्या मोटरची अर्थिंगची वायर त्या पाइपाला होतीच, त्यामुळं सोनीचं भांडं काही सुटलं नाही. तुम्ही ती पेटी उचलून परत आणलीत, तिच्यावर लाल पेननं "सदोष" लिहिलेली चिठ्ठी चिकटवलीत आणि टेबलाखाली सरकवलीत. मूळ ड्रॉइंगवर लाल फुली मारलीत. त्या लाल फुलीपुढं बसून मी रोज दुपारचा डबा खात होतो.

पुढचे आठ महिने तुम्ही कपॅसिटर कमी केलेली पेटी करत होतात. गटार लहान केलं की घाण आत साठायची. मशीनचा ताल चुकायचा, टकटक टकटक करता करता मध्येच टकटकटक. सड ओढल्यासारखे होऊन गाय लाथ मारायची. मग तुम्ही गोल गाभ्यावर तार गुंडाळून ती घाण आतच जिरवायचा प्रयत्न केलात. असे अकरा गाभे स्वतःच्या हातानं गुंडाळलेत. बोटांना चिरा पडल्या. मी तुम्हाला बँडेड आणून दिलं. बघा, किती केलं मी तुमच्यासाठी.

मला कधी कधी वाटतं, तुम्हाला माहीत होतं. त्या चौकोनाकडे बघतानाच तुम्ही ओळखलं असेल आणि दिराची लाज राखली असेल. असं समजलं की मला रात्री झोप लागते. पण मग ते अकरा गाभे आठवतात. माहीत असतं तर तुम्ही आठ महिने स्वतःच्या आराखड्यातली नसलेली चूक शोधत बसला नसतात. तुम्हाला माहीत नव्हतं, वहिनी. तुम्ही माझ्या पॉइंट एकवर विश्वास ठेवलात.

शेवटच्या आजारपणात तुम्ही घरी होतात, खाटेवर, उशीला टेकून. मी ठरवून आलो होतो. कोल्हारच्या पुलावर गाडी थांबवून वाक्य तयार केलं होतं, "वहिनी, मला एक सांगायचंय." आत आलो तर तुम्हीच विचारलंत, "भाऊजी, सोनी पाणी पिते का आता?"

खरं उत्तर होतं, बादलीतून पिते. मी म्हणालो, "पिते की, वर आम्हाला विचारते, बाई कुठायत म्हणून." मग सोनीची नक्कल केली. मान हलवली, हंबरलो. तुम्हाला हसताना धाप लागली आणि दादानं मला खुणेनं बाहेर पाठवलं. मी बाहेर व्हरांड्यात उभा राहिलो. तयार केलेलं वाक्य तोंडात तसंच होतं. लोक म्हणतात मला गोष्टी सांगता येतात. माझी अर्धी अक्कल ही एक गोष्ट सांगायला लागू नये म्हणून दुसरी सांगण्यात गेली आहे.

तर त्या दिवशी सभा संपल्यावर माणसं चहा पीत होती आणि मला तुमच्या पेटीपेक्षाही दुसरंच दिसत होतं. हौसाबाईंच्या गोठ्यात आता तुम्ही नंतर बसवायला लावलेली कमी कपॅसिटरची पेटी होती, तिचा सोनीला तेवढा त्रास नव्हता. पण जमीन तीच. दीड फूट. त्या बाईला वाचवणारी वाट दीड फुटावर खडकाला टेकून संपत होती. वायर कधीही सोलू शकते, उंदीर काय कुणाला विचारून कुरतडत नाहीत. आणि ती सकाळ-संध्याकाळ त्या ओल्या फरशीवर अनवाणी, पाइपाला धरून उभी. तुम्ही होतात तोवर मी स्वतःला सांगत होतो, वहिनी बघतायत, वहिनी काहीतरी काढतील. आता बघणारं कुणी नव्हतं. मला आणि त्या सिमेंटच्या चौकोनाला सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं.

दादा चपला शोधत होता. मी त्याला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. रॉड, हॅकसॉ, पॉइंट एक, सीटखालचा टेस्टर. कसलीही गोष्ट न करता सांगितलं, चार-पाच वाक्यांत संपलं. मला वाटलं होतं तो हात उचलेल. त्यानं एकच विचारलं.

"तिला कधी सांगणार होतास?"

त्यानं चपला घातल्या. "आधी त्या बाईला फोन लाव. मशीन बंद ठेवायला सांग. मेन स्विच पाडायला सांग."

मी तिथंच फोन लावला. हौसाबाई म्हणाल्या, "आता धारेचा टाइम हाय भाऊ, आज हातानं काढू व्हय?" मी म्हणालो, "हातानंच काढा मावशी. पाइपाला हात लावू नका. उद्या सकाळी येतो." त्यांनी कारण विचारलं. माझी जीभ परत नेहमीच्या वाटेनं निघाली होती, लाईनचा प्रॉब्लेम वगैरे. दादा समोर उभा होता. मी म्हणालो, "मी काम खोटं केलंय, मावशी." पलीकडून खटका पाडल्याचा आवाज आला.

सकाळी दादानं शेडचं कुलूप काढलं. तुमची टिपणवही आणि कोपऱ्यातल्या अर्थिंगच्या पट्ट्या घेतल्या. टेबलाखालची सदोष चिठ्ठीची पेटी त्यानं स्वतः उचलून गाडीत ठेवली, तुम्हाला उचलावं तशी. घाटात वही उघडून त्यानं एक पान माझ्यापुढं धरलं. गाडी चालवता चालवता मी वाचलं. तुमचं ते बारीक अक्षर: "खडक लागल्यास उभा रॉड नको. दोन-अडीच फूट खोल चर, ओल असेल त्या दिशेला, लांब. त्यात आडवी पट्टी. वर काळी माती, कोळसा. रीडिंग येईपर्यंत चर वाढवणे." माझ्या पिशवीतल्या कागदावरही हेच होतं. पट्ट्या तर आपल्या शेडमध्ये पडून होत्या. मला सगळं मिळून एक फेरी आणि एक दिवस जास्त लागला असता.

हौसाबाई दारातच उभ्या होत्या. मनगटं सुजलेली. संध्याकाळी पाच आणि सकाळी पाच, दहा धारा त्यांनी हातानं काढल्या होत्या. मी सिमेंटचा चौकोन फोडला आणि रॉड उपसला. हातभर होता. त्यांच्यापुढं धरला.

"एवढाच?" त्या म्हणाल्या.

"एवढाच."

"अन् बाईंनी सोताच्या डोक्यावर घेतलं ते?"

"व्हय."

त्यांनी तो रॉड माझ्या हातातून घेतला, उलटसुलट केला. "मी तवाच बोलायला पायजे हुतं. घन वाजत हुता टनाटना. म्या म्हनलं, साहेब मानूस हाय." त्या मला ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी घरातून टिकाव आणून दिला.

सांडपाण्याची चारी गोठ्याच्या मागून उकिरड्याकडं जाते, तिथं बारमाही ओल असते. आम्ही तिकडं चर घेतला. वर मुरूम, खाली फत्तर, सापटी बघत बघत. दादा पहार मारत होता. साठीच्या जवळ आलेला माणूस, कालच बायकोचा जलदान विधी केलेला. मी म्हणालो, दादा, दे इकडं. त्यानं दिली नाही. दुपारपर्यंत आम्ही वीस पावलं गेलो. पट्टी टाकली, हौसाबाईंनी कोळसा आणि गाळाची माती पाट्यांनी आणून ओतली. टेस्टरच्या खुंट्या ओलीत ठोकल्या. आकडा जास्त आला. आणखी आठ पावलं खणलं. पुन्हा मोजलं, तरी जास्त. चारच्या सुमारास तुम्ही लिहिलेल्या आकड्याच्या खाली आला. दादानं आकडा वाचला आणि मला वाचायला लावला. मग फॉर्मवर माझ्याकडून लिहून घेतला. माझ्या पेनवर त्याची नजर होती.

मग तुमची पेटी, फुलीची, सदोष. लाकडी फळीवर बसवली, पाइपापासून लांब. दादानं चिठ्ठी काढली नाही. खटका वर-खाली केला, मशीन लावलं. ताल लागला, एकही ठोका न चुकता. पेटीतून काहीच येत नव्हतं. मीटरची तार भांड्याला, दुसरी ओल्या फरशीला. आकडा शून्याजवळ थरथरत होता. मी चपला काढल्या आणि त्या शेणपाण्यात उभा राहून पालथा हात भांड्याला लावला. मला भीती वाटत होती, वहिनी, खरंच. तुम्ही तिथं उभ्या होतात तेव्हा मी ज्या जागी गप्प उभा होतो, ती जागा समोर दिसत होती.

सोनीला सोडलं. ती भांड्यापर्यंत आली, वास घेतला आणि मागं सरली. परत आली, परत सरली. आम्ही तिघं अंधार पडेपर्यंत तिच्याकडं बघत बसलो. तिनं तोंड लावलं नाही. हौसाबाई म्हणाल्या, "इतके म्हैने तिला चटका बसलाय. ती आता तुमच्या मीटरवर इस्वास ठेवनार न्हाई. तिच्या मनानं घेऊ द्या." बादली भरून त्यांनी तिच्यापुढं ठेवली.

परत येताना दादा बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी बाकीच्या तेरा गोठ्यांची यादी करून त्याच्यापुढं ठेवली, प्रत्येक ठिकाणी अर्थिंग पुन्हा मोजायचं म्हणून. ते रॉड खरेच आठ फूट आहेत, हे मी शपथेवर सांगू शकतो, पण माझ्या शपथेचं आता काय. त्यानं यादी वाचली, खिशात ठेवली आणि म्हणाला, "मी येणार बरोबर. प्रत्येक ठिकाणी." अजून तेवढंच बोललाय. तुमच्या ड्रॉइंगवरची लाल फुली त्यानं खोडली नाही आणि मलाही खोडू दिली नाही. म्हणाला, ती तिनं मारलीय. तिला खोटी माहिती दिल्यावर तिनं बरोबर काम केलं, हे राहू दे कागदावर.

आज सकाळी सातला फोन आला. मला वाटलं, काहीतरी झालं.

"भाऊ, मी हौसाबाई. प्याली."

"कोण?"

"सोनी हो. भांड्यातून. आपल्या आपन गेली, तोंड बुडवलं अन् पीतच ऱ्हायली. म्या जागची हाललेबी न्हाई." मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "बाईंना सांगा."

त्या तुमच्या अंत्यविधीला आल्या होत्या, तुमच्यावर फूल वाहिलं होतं. त्यांना सगळं माहीत आहे. तरी म्हणाल्या, आणि मी "व्हय" म्हणालो.

वहिनी, सोनी भांड्यातून पाणी प्यायली. तुमची पेटी पहिल्या दिवसापासून बरोबर होती. मी खोटं बोललो होतो.